अपस्मार : गोळी चुकू नये, धीर सुटू नये

गेल्या उपवासकाळातील एका रविवारची गोष्ट. सकाळच्या पवित्र मिस्सात प्रवचन आटोपून सारे उभे राहत असतानाच तिसऱ्या बाकावरील एक बावीस वर्षांचा युवक एकाएकी खाली कोसळला. त्याचे अंग ताठ झाले, हातपाय झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. क्षणार्धात भोवती गर्दी जमली. कोणी कांदा आणायला धावले, कोणी पायातली चामड्याची चप्पल त्याच्या नाकाशी धरली, कोणी मुठीत चाव्यांचा जुडगा कोंबला. दोघा धडधाकट पुरुषांनी त्याचे हात जमिनीशी दाबून धरले आणि तिसरा दातांमध्ये चमचा घालण्याची खटपट करू लागला. सुदैवाने आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त परिचारिका तेथे पोहोचल्या. त्यांनी चमचा काढायला लावला, गर्दी मागे सारली, त्याच्या डोक्याखाली घडी केलेली ओढणी ठेवली आणि झटके थांबताच त्याला कुशीवर वळवले. हा सारा प्रकार जेमतेम दोन मिनिटांचा होता. पाहणाऱ्यांना तो अर्ध्या तासाचा वाटला.

संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा खरे कारण समजले. त्याला तीन वर्षांत एकही फिट आलेली नव्हती. आदल्या रात्री मित्राकडे उशिरापर्यंत जागरण झाले आणि रात्रीची गोळी राहून गेली. सकाळची गोळी त्याने मुद्दामच घेतली नाही, कारण कम्युनियन स्वीकारायचे तर पोट रिकामे असावे, अशी त्याची समजूत होती. त्याची आई मात्र एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत होती, "सिस्टर, बाहेर कोणाला सांगू नका. मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललंय."

हा लेख त्या कुटुंबाच्या संमतीनेच आम्ही लिहीत आहोत. त्या दिवशी मंदिरात जमलेल्यांपैकी कोणाच्याही मनात वाईट नव्हते. उणीव होती ती माहितीची. युवकाला गोळ्यांविषयी, भाविकांना प्रथमोपचाराविषयी आणि आपल्या समाजाला या आजाराविषयी पुरेशी माहिती नव्हती. या तिन्हींचा येथे क्रमाने विचार करू.

अपस्मार म्हणजे काय?

आपल्या मेंदूतील अब्जावधी पेशी सूक्ष्म विद्युत्संदेशांच्या साहाय्याने एकमेकींशी संपर्क साधतात. काही कारणाने पेशींच्या एखाद्या समूहातून अकस्मात आणि अनियंत्रित विद्युत्प्रवाह उसळला, की फिट येते. आपल्याकडे तिलाच आकडी, फेफरे किंवा मिरगी असे म्हणतात. ताप, साखर फार कमी होणे, दारू एकदम सोडणे अशा तात्कालिक कारणांनीही एखाद्याला फिट येऊ शकते. तेवढ्याने त्याला अपस्मार झाला असे होत नाही. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील काही मुलांना तापात झटके येतात, त्यांपैकी बहुतेकांना पुढे अपस्मार होत नाही. असे तात्कालिक कारण नसताना पुनःपुन्हा फिट येण्याची मेंदूची प्रवृत्ती, तिला अपस्मार म्हणतात.

प्रत्येक फिट कोसळून झटके देणारीच असते असे नाही. वर्गात बसलेले मूल काही सेकंद शून्यात पाहत राहते आणि पुन्हा लिहू लागते; शिक्षकांना वाटते, त्याचे लक्ष नाही. एखादी व्यक्ती ओठ चाटते, पदराशी चाळा करते, हाक मारली तरी ओ देत नाही आणि नंतर तिला त्यातले काहीच आठवत नाही. हेही फिटचेच प्रकार आहेत आणि त्यांनाही उपचार आहेत.

प्रसूतीच्या वेळी बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार लागणे, मेंदूज्वर, पक्षाघात, मेंदूतील गाठ, आनुवंशिक दोष अशी अनेक कारणे असतात. पुष्कळदा तपासण्या करूनही कारण सापडत नाही. आपल्या देशातील एक कारण मात्र टाळता येण्याजोगे आहे. ते म्हणजे फीतकृमी. नीट न शिजलेले डुकराचे मांस खाल्ल्याने हा कृमी आतड्यात वाढतो. अशा व्यक्तीच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात आणि अस्वच्छ हात, दूषित पाणी वा न धुतलेल्या कच्च्या भाजीतून ती ज्याच्या पोटात जातात, त्याच्या मेंदूत त्यांच्या गाठी होऊ शकतात. म्हणूनच कधीही मांस न खाणाऱ्यालाही हा विकार जडतो. सणासमारंभाचे मांस आतपर्यंत पूर्ण शिजवणे, स्वयंपाक करणाऱ्यांनी साबणाने हात धुणे आणि कोशिंबिरीच्या भाज्या स्वच्छ पाण्याने धुणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना आयुष्य जगू शकतात. हा स्पर्शाने पसरणारा रोग नाही, मनाचा दुबळेपणा नाही, पूर्वजांचे पापही नाही. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० वर्षे, ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या परंपरेतील ग्रंथात हा 'पवित्र' मानला जाणारा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नसून त्याचे मूळ मेंदूत आहे, असे प्रतिपादन केलेले आढळते.

फिट आली असता काय करावे?

सर्वप्रथम घड्याळ पाहावे. फिट किती वेळ चालली, हीच पुढच्या निर्णयाची किल्ली असते. रुग्णाजवळील टोकदार वा कठीण वस्तू दूर कराव्यात. डोक्याखाली मऊ कापड ठेवावे. चष्मा काढावा, गळ्याशी घट्ट असलेला शर्ट, टाय किंवा स्कार्फ सैल करावा. गर्दी हटवावी. झटके थांबताच रुग्णाला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ वा उलटी श्वासनलिकेत जात नाही. पूर्ण शुद्ध येईपर्यंत कोणीतरी त्याच्याजवळ थांबावे. शुद्धीवर येताना तो गोंधळलेला असतो, काही वेळा त्याचे कपडे ओले झालेले असतात. त्याच्यावर चादर घालावी, शांतपणे त्याच्या नावाने हाक मारावी, काय घडले ते सांगावे. शक्य झाल्यास घरच्यांपैकी एकाने मोबाईलवर चित्रण करावे. डॉक्टरांना निदानासाठी ते फार मोलाचे ठरते. इतरांनी मात्र चित्रण करू नये.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. तोंडात चमचा, बोट, कापड काहीही घालू नये. जीभ गिळली जात नाही. उलट दात तुटतात, जबड्याला इजा होते. पाणी, सरबत वा गोळी तोंडात देऊ नये, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. हातपाय दाबून धरू नयेत, त्याने हाड मोडू शकते वा सांधा निखळू शकतो. कांदा, चप्पल आणि लोखंड यांनी फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि त्या क्षणी हातात जे काही असते, त्याला श्रेय मिळते, इतकेच.

पुढील परिस्थितीत मात्र विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा रुग्णाला जवळच्या रुग्णालयात न्यावे : फिट पाच मिनिटांहून अधिक चालली, एक फिट थांबून शुद्ध येण्यापूर्वीच दुसरी आली, आयुष्यातील पहिलीच फिट आहे, रुग्ण गर्भवती किंवा मधुमेही आहे, फिट पाण्यात आली, डोक्याला मार लागला, अथवा फिट थांबल्यानंतरही श्वास नीट चालत नाही. पाच मिनिटांच्या मर्यादेला कारण आहे. त्यापुढे गेलेली फिट आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि मेंदूला इजा होण्याचा धोका वाढत जातो. ज्यांना अशा लांबलेल्या फिटचा पूर्वानुभव आहे, त्यांच्या घरी ठेवण्यासाठी डॉक्टर मिडाझोलॅमचा नाकात मारायचा फवारा लिहून देतात. तो केव्हा आणि किती वापरायचा, हे घरातील किमान दोघांनी डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्यावे.

औषधे कशी कार्य करतात?

अपस्मारावर परिणामकारक ठरलेले पहिले औषध म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड. त्याचा उपयोग १८५७ मध्ये प्रसिद्धीस आला. १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन, १९३८ मध्ये फेनिटॉइन आणि १९६० च्या दशकात कार्बामॅझेपिन व व्हॅल्प्रोएट ही औषधे उपलब्ध झाली. पुढे लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरॅसिटॅम, क्लोबॅझम यांसारख्या औषधांची भर पडली. ही औषधे पेशींमधील अनियंत्रित विद्युत्प्रवाह आवरून धरतात. सर्दीपडशासारखा हा आजार मुळातून घालवणे त्यांना बहुधा शक्य नसते. गोळी रक्तात असेपर्यंत ती पहारा देते. म्हणूनच 'बरे वाटते' हे गोळी बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. बरे वाटते, ते गोळीमुळे.

कोणते औषध कोणाला द्यायचे, हे फिटचा प्रकार, वय, लिंग, इतर आजार यांवरून ठरते. चुकीच्या निवडीने काही प्रकारच्या फिट वाढतातही. म्हणून शेजाऱ्याला ज्या गोळीने गुण आला ती आपणही घ्यावी, हा मार्ग धोक्याचा आहे.

गोळ्या घेण्याची शिस्त

रक्तातील औषधाचे प्रमाण सारखे राहावे यासाठी गोळी रोज ठरलेल्या वेळीच घ्यावी. जेवण, दात घासणे, संध्याकाळची प्रार्थना अशा रोजच्या एखाद्या सवयीशी ती जोडून टाकावी. आठवड्याच्या वारांचे खण असलेली डबी वापरावी, म्हणजे आजची गोळी घेतली की नाही, हा प्रश्न उरत नाही. मात्र ज्या गोळ्यांना दमटपणा सोसत नाही, त्या वेष्टनासह खणात ठेवाव्यात. घरात किमान दहा दिवसांचा साठा असू द्यावा. पुरात वाट बंद झाली किंवा दुकान बंद असले तरी खंड पडता कामा नये.

एखादी गोळी विसरली, तर आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर विसरलेली सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत. दोन किंवा अधिक वेळा खंड पडला असेल, तर डॉक्टरांना विचारावे. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर काय करायचे, हेही आधीच विचारून ठेवावे.

'सीआर' किंवा 'ईआर' अशी अक्षरे असलेल्या गोळ्यांतून औषध सावकाश सुटते. त्या चावू वा कुटू नयेत; कुटल्यास दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते. फेनिटॉइनचे पातळ औषध असेल, तर बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवावी. औषध तळाशी बसते. न हलवल्यास सुरुवातीचे दिवस मात्रा कमी पडते आणि बाटली संपत आली की तीच मात्रा विषासमान होते. मोजण्यासाठी घरातला चमचा न वापरता सोबतचे मापच वापरावे.

आपल्या किनारपट्टीवरील रहिवाशांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कार्बामॅझेपिनची गोळी दमट हवेत राहिली, तर तिची परिणामकारकता बरीच घटते. पावसाळ्यात गोळ्या पट्टीतून काढून उघड्या डबीत, स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराच्या फळीवर ठेवू नयेत.

दुकानदाराने 'हीच कंपनी नाही, दुसरी देतो' म्हटले, तर औषधाचे मूळ नाव व मिलिग्रॅम जुळतात का, हे प्रथम पाहावे. मूळ नावाची स्वस्त औषधे चांगलीच असतात, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु फिट आटोक्यात आलेली असताना वारंवार कंपनी बदलत राहणे टाळावे आणि बदल करायचाच झाला तर डॉक्टरांना कळवून करावा. जुन्या औषधांपैकी बरीचशी सरकारी रुग्णालयांत विनामूल्य आणि जनऔषधी केंद्रांत अल्प दरात मिळतात. पैशांअभावी गोळी अर्धी करून पुरवण्यापेक्षा ही अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी.

दुष्परिणाम : कोणते सोसावेत, कोणते नाही?

सुरुवातीच्या दिवसांत सुस्ती, किंचित चक्कर, मळमळ हे बहुतेक औषधांनी होते आणि पुष्कळदा काही आठवड्यांत ओसरते. म्हणूनच डॉक्टर मात्रा हळूहळू वाढवतात. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात; दातांची स्वच्छता काटेकोर ठेवावी. त्याची मात्रा थोडी वाढली तरी रक्तातील प्रमाण एकदम चढू शकते. तोल जाणे, दोन दोन दिसणे, जीभ जड होणे ही त्याची खूण होय. अशा वेळी माणूस दारू प्यायला आहे असा गैरसमज होतो! व्हॅल्प्रोएटने वजन वाढणे, केस गळणे, हात थरथरणे असे त्रास होतात. क्वचित यकृतावर परिणाम होतो. लेव्हेटिरॅसिटॅमने काहींची चिडचिड वाढते, मन खिन्न होते. घरच्यांनी तो स्वभावदोष न समजता डॉक्टरांच्या कानी घालावा.

पुढील लक्षणे दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे : अंगावर पुरळ, विशेषतः ताप, तोंडात वा डोळ्यांत फोड, कावीळ, सतत उलट्या व ग्लानी, विनाकारण रक्तस्राव किंवा काळेनिळे डाग, जीव नकोसा वाटणारे विचार. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन व लॅमोट्रिजिन यांनी येणारे पुरळ क्वचित प्राणघातक रूप धारण करते आणि ते बहुधा पहिल्या दोन महिन्यांत उद्भवते. 'उष्णता वाढली असेल' म्हणून थांबू नये.

इतर औषधांशी होणारी गुंतागुंत

कोणत्याही आजारासाठी कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, तरी 'मी फिटच्या गोळ्या घेतो' हे पहिले वाक्य असावे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन अपस्मारावरील अनेक औषधांचे रक्तातील प्रमाण घटवते, तर आयसोनियाझिड फेनिटॉइन व कार्बामॅझेपिनचे प्रमाण वाढवते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक कार्बामॅझेपिनसोबत दिल्यास चक्कर व उलट्या सुरू होतात. मेरोपेनेम या प्रतिजैविकाने रक्तातील व्हॅल्प्रोएट झपाट्याने खाली येते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक फिटला निमंत्रण देऊ शकते. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन व कार्बामॅझेपिनमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. उलटपक्षी, पाळीच्या तक्रारींसाठी दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांमुळे लॅमोट्रिजिनचे प्रमाण घटते.

घटकांची नोंद नसलेल्या पुड्या 'हमखास इलाज' म्हणून घेऊ नयेत. लहान मुलांच्या पोटात कापूर गेल्यास फिट येऊ शकते. कापूर आणि कापरयुक्त तेले मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

भावी मातांसाठी

अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रिया सुदृढ बालकांना जन्म देतात. मात्र त्यासाठी नियोजन गर्भधारणेपूर्वीच सुरू व्हावे लागते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मातांच्या सुमारे १० टक्के बालकांत जन्मजात व्यंग आढळते आणि ३० ते ४० टक्के बालकांच्या बौद्धिक विकासात अडचणी येऊ शकतात. म्हणून मुलींना व तरुण स्त्रियांना, अन्य पर्याय चालत असल्यास, हे औषध देण्याचे टाळतात. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरॅसिटॅम ही त्या मानाने सुरक्षित मानली जातात. आपल्या देशातील अशा मातांची पद्धतशीर नोंद तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९८ पासून ठेवली आहे.

विवाह ठरताच मुलीने आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे, औषध बदलायचे असल्यास तेव्हाच बदलावे आणि त्यांच्या सल्ल्याने फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावे. गर्भ राहिल्याचे कळताच घाबरून गोळ्या बंद करणे ही सर्वांत घातक चूक होय. झटक्यांची मोठी फिट माता आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. बहुतेक औषधे चालू असतानाही स्तनपान देता येते. त्याबाबत डॉक्टरांना विचारावे.

उपवास, जागरण आणि सणसमारंभ

आता त्या युवकाच्या समजुतीकडे वळू. ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेतील ९१९ व्या कलमानुसार कम्युनियनपूर्वी किमान एक तास अन्नपाणी वर्ज्य आहे. परंतु त्याच कलमात साधे पाणी आणि औषध यांना स्पष्ट सूट दिलेली आहे. वृद्ध, आजारी व्यक्ती आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनी त्या तासाभरात काही खाल्लेले असले, तरी ते कम्युनियन घेऊ शकतात. गोळी चुकवणे हा त्याग नव्हे. राखेच्या बुधवारी किंवा पवित्र शुक्रवारी उपवास करण्याची इच्छा असलेल्या रुग्णांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात, पाणी पीत राहावे आणि उपाशीपोटी त्रास होत असेल तर उपवासाऐवजी दुसरा एखादा त्याग निवडावा. आपल्या धर्मगुरूंशी बोलल्यास हेच उत्तर मिळेल.

जागरण हे फिटचे मोठे निमित्त असते. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, लग्नघरातील रात्री, परीक्षेचा अभ्यास, रात्रपाळी यांत झोप मोडते आणि त्याच गडबडीत गोळीही राहते. अशा दिवशी दुपारी झोप घ्यावी, गोळी खिशात ठेवावी. मद्याविषयी स्पष्टच बोलायला हवे. दारू झोप मोडते, औषधाची सुस्ती वाढवते, गोळीचा विसर पाडते. आणि भरपूर प्यायल्यानंतर नशा उतरताना फिट येण्याचा धोका सर्वाधिक असतो. समारंभात कोणी 'नको' म्हटले, तर यजमानांनी आग्रह करू नये. हाही आतिथ्याचाच भाग आहे.

अग्नी आणि पाणी

मत्तयच्या शुभवर्तमानात आपल्या मुलासाठी प्रभूकडे आलेल्या पित्याची कथा आहे. मुलगा वारंवार अग्नीत आणि पाण्यात पडतो, असे तो पिता सांगतो. दोन हजार वर्षांनंतरही रुग्णाच्या घरचे भय तेच आहे, आणि त्यावरचे उपाय साधे आहेत. न्हाणीघराला आतून कडी लावू नये. दारावर पाटी टांगावी. बादलीतले पाणी घेऊन, बसून स्नान करावे. विहीर, बावखल, तलाव, समुद्र येथे एकट्याने जाऊ नये. चुलीपेक्षा ओटा बरा आणि ओट्यावरही मागच्या शेगडीवर भांडे ठेवावे. झाडावर, शिडीवर चढण्याची आणि फिरत्या यंत्रांजवळची कामे टाळावीत. वाहन चालवण्याच्या परवान्याच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात अपस्माराविषयी स्पष्ट प्रश्न असतो. तेथे असत्य लिहून दुचाकीवर बसणे म्हणजे स्वतःसह रस्त्यावरील अनोळखी माणसांचाही जीव धोक्यात घालणे होय.

झोपेत फिट येऊन अकस्मात मृत्यू होण्याच्या दुर्दैवी घटनाही घडतात. प्रौढ रुग्णांत हे प्रमाण वर्षाला साधारण हजारी एक इतके आहे. भीती घालण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. झटक्यांच्या मोठ्या फिट जितक्या कमी, तितका हा धोका कमी. आणि त्या कमी करण्याचा हमखास मार्ग म्हणजे न चुकलेली गोळी.

औषधे केव्हा थांबवता येतात?

दोन वा अधिक वर्षे फिट आली नाही, तर काही रुग्णांची औषधे कमी करण्याचा विचार डॉक्टर करतात. तो निर्णय त्यांचा असतो आणि मात्रा कित्येक महिने घेऊन उतरवली जाते. एकाएकी गोळ्या सोडल्यास फिटमागून फिट येण्याचा प्रसंग ओढवतो.

दोन योग्य औषधे योग्य मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील, तर विशेष केंद्रात तपासणी करून घ्यावी. निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेने किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखालील विशेष आहाराने मोठा आराम मिळतो. श्री चित्रा संस्थेत अपस्माराच्या शस्त्रक्रियांचा कार्यक्रम १९९५ पासून सुरू आहे. वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी पुढे चालवत राहणे योग्य नव्हे.

लपवाछपवी कशासाठी?

आईचे ते वाक्य आम्हांला आजही बोचते. आजार लपवायचा म्हणून गोळ्या लपवल्या जातात, लपवलेल्या गोळ्या चुकतात आणि चुकलेल्या गोळीमुळे आजार चारचौघांत उघडा पडतो. १९१७ च्या कायदासंहितेत अपस्मार हा धर्मगुरुपदाच्या दीक्षेतील अडथळा मानला होता. १९८३ च्या संहितेत तो उल्लेख राहिला नाही. भारतात हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतील अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. कायदे बदलले, घरांतील कुजबुज बदलायची राहिली आहे. विवाह जुळवताना आजाराची माहिती दोन्ही बाजूंना आधीच द्यावी. विश्वासाने सांगितलेले सत्य संसार मोडत नाही. पुढे उघडकीस आलेले असत्य मात्र मोडू शकते.

फिट म्हणजे भूतबाधा, असे समजून रुग्णाला भगताकडे अथवा प्रार्थनेने 'सोडवणाऱ्या' अनधिकृत मंडळींकडे नेणारे आजही आहेत. ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत निःसंदिग्ध आहे. आजारावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे आणि आजाराला दुष्टात्म्याचा प्रभाव समजू नये, असे कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या १६७३ व्या परिच्छेदात बजावले आहे. रुग्णासाठी अवश्य प्रार्थना करावी, पण 'आता गोळ्यांची गरज नाही' असे सांगण्याचा अधिकार कोणाही प्रार्थनासभेला नाही.

आमच्या धर्मग्रामात त्या रविवारनंतर दोन छोट्या गोष्टी झाल्या. मंदिरातील सेवकांना त्या परिचारिकाबाईंनी एका संध्याकाळी प्रथमोपचार शिकवला आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिक्षकांना फिटची लक्षणे समजावून दिली. याला खर्च शून्य आला. प्रत्येक धर्मग्रामात हे करता येण्यासारखे आहे.

तो युवक आता रात्रीची गोळी संध्याकाळच्या रोझरीनंतर घेतो. सकाळची गोळी मिस्साला निघण्यापूर्वी घेतो. त्याच्या बहिणीचे लग्न ठरले. मुलाकडच्यांना भावाच्या आजाराविषयी आईनेच सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "लग्नात त्याला फिट आली, तर आम्ही काय करायचं?"

त्या प्रश्नाचे उत्तर आता तुम्हांलाही ठाऊक आहे. घड्याळ पाहा, कुशीवर वळवा, जवळ थांबा.